विश्रामबागकरांनो, फोटोतलं मागचं काढून टाकू नका

सांगलीतल्या विश्रामबाग, वानलेसवाडी, वारणाली, गव्हर्नमेंट कॉलनी, शंभर फुटी रोड आणि कुपवाड रोडच्या सगळ्या दादा-वहिनी, काका-काकू आणि कॉलेजच्या पोरापोरींना,

नमस्कार. माझं शंभर फुटी रोडला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आधार कार्डं, सातबारे, पोरांचे प्रोजेक्ट, लग्नाचे बायोडाटे माझ्या हाताखालून गेलेत. आज जे लिहितीय ते बरेच दिवस मनात होतं, समोरासमोर दोघा-चौघांना बोलले पण, पण दुकानात गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, बोलणं अर्धवट राहतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण वाचा.

गेल्या महिन्यात एक ताई आल्या. सासरे वारले होते, दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी आणि फ्रेमसाठी फोटो करायचा होता. असा फोटो करायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, कुठल्यातरी जुन्या फोटोतला चेहरा कापायचा, मागचं सगळं काढून निळं टाकायचं आणि अंगात कोट नाहीतर डोक्याला फेटा घालायचा. ताईंनी पिशवीतनं मॅक्सी साईजचा एक फोटो काढला, कोपरे दुमडलेले, आणि म्हणाल्या, फक्त चेहरा घ्या, मागचं सगळं काढून टाका.

मी स्कॅनरवर ठेवला आणि स्क्रीनवर मोठा करून बघितला. सासरे रेल्वेत गँगमन होते. खाकी शर्ट, हातात गुंडाळलेली झेंडी, आणि उभे कुठं होते तर आपल्या विश्रामबाग स्टेशनच्या पिवळ्या बोर्डासमोर. बोर्ड पूर्ण आला नव्हता, "विश्रामबा" एवढंच दिसत होतं, ते पण दोनदा, कारण वर मराठी आणि खाली हिंदी, नाव तेच. त्याच्याखाली समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची बारीक ओळ, तिच्यावर त्यांचा खांदा आलेला. मागं एकच लाईन, वर एक तार नाही, खांब नाही, नुसतं आभाळ. बोर्डाच्या खांबाला टेकवलेली सायकल आणि हँडलला अडकवलेला पितळी डबा. बाकड्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बायका, पाटीत काहीतरी झाकून ठेवलेलं. एक कुत्रं बाकड्याखाली झोपलेलं.

मी ताईंना म्हटलं, बघा तरी एकदा. त्यांनी वाकून बघितलं आणि चेहऱ्याकडं न बघता बोट थेट सायकलवर ठेवलं. "ही सायकल मीच दिली भंगारात," म्हणाल्या. "डबा पण मीच भरायचे." मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मागं दोन माणसं झेरॉक्ससाठी उभी होती, ती पण गप्प राहिली.

फ्लेक्स त्यांना पाहिजे तसाच करून दिला, निळं बॅकग्राउंड, कोट, सगळं. दुःखाच्या घरात आपण कुणाला शिकवायला जायचं नसतं. पण अख्ख्या फोटोची एक वेगळी प्रिंट काढून पाकिटात घालून दिली आणि त्यांना विचारूनच स्कॅन माझ्याकडं ठेवला.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले की आपण रोज किती मागचं काढून टाकतो. लग्नाच्या ग्रुप फोटोतनं आजोबा कापले, मागचा जुना बंगला गेला. बारशाच्या फोटोतनं आत्या कापली, मागचा कौलारू वाडा गेला. गॅदरिंगच्या फोटोतनं मुलगी घेतली, मागं विलिंग्डन कॉलेजच्या आवारातली झाडं होती, ती गेली. मी स्वतःच्या हातानं कापलंय हे सगळं, बावीस वर्षं, आणि प्रत्येक वेळी ओरिजनल परत देताना माझ्या मनात पण आलं नाही की एक कॉपी ठेवू.

म्हणून हे पत्र, आणि मागणं एवढंच आहे: घरातले जुने अल्बम बाहेर काढा आणि या वेळी माणसांच्या मागं काय आहे ते बघा. बारातीच्या फोटोत घोड्याच्या मागं रस्ता आहे. गाडीची पूजा करतानाच्या फोटोत, नवीन एम-एटी नाहीतर लूना घेतली तेव्हाच्या, मागं शेजारचा मोकळा प्लॉट आहे. मामाला सोडायला स्टेशनला गेलो तेव्हाच्या फोटोत फलाट आहे. आपल्याकडं कुणी रस्त्याचा म्हणून फोटो काढत नव्हतं, ३६ चा रोल महाग असायचा, धुवायला टाकायचे पैसे वेगळे, मग रस्त्यावर कोण घालवणार. रस्ता फुकटात मागं येऊन गेला. आपल्या उपनगराचा जो काही इतिहास आहे तो असा लोकांच्या खांद्यामागं बसलाय.

आता तुम्ही म्हणाल की विश्रामबागेला कसला आलाय इतिहास, इतिहास तिकडं गणपती मंदिर, राजवाडा, कृष्णेवरचा आयर्विन पूल, नाहीतर मिरजेचा दर्गा आणि सतारमेकर. आयर्विन १९२९ चा, त्याचे फोटो ढिगानं आहेत, पूर आला की अख्खा महाराष्ट्र त्याच्यावरची फुटाची पट्टी टीव्हीवर बघतो. मला त्याचं कौतुकच आहे. पण आपलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं आहे, म्हणजे पुलाच्या आधीचं. वालचंद १९४७ चं. वानलेसवाडीला ज्यांचं नाव आहे त्या डॉक्टर वानलेसांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधली जागा असली तरी मोकळी जागा नव्हती ही. आणि समजा काहीच मोठं घडलं नसतं तरी काय, आपण तर इथं राहिलो ना.

मी १९९८ ला लग्न होऊन इथं आले, त्याच वर्षी सांगली मिरज कुपवाड मिळून महापालिका झाली. तेव्हा आमच्या गल्लीत चार घरं होती आणि बाकी नुसते प्लॉटिंगचे दगड. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल अशी रुतायची की पाय वर यायचा आणि चप्पल खालीच. सासूबाई चौकापर्यंत अनवाणी चालत यायच्या, हातात चपला आणि एक तांब्या पाणी, चौकात पाय धुवून चपला घालायच्या आणि मग मिरजेच्या वडापमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, बसायच्या. ही गोष्ट मी माझ्या पोराला सांगितली तर त्याला खरी वाटत नाही, कारण आता तिथं पेव्हिंग ब्लॉक आहेत, बेकरी आहे, दोन मोबाईलची दुकानं आहेत. त्याला दाखवायला माझ्याकडं एकही फोटो नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये १८० फोटो आहेत, मी मोजले, सगळे मंडपातले, एकाच्या पण मागं रस्ता नाही.

स्टेशनचं तर आणखीनच. मोठी स्टेशनं लोकांच्या डोळ्यात भरतात, मिरज जंक्शनवर तर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही लाईनी होत्या, रेल्वेवेडी माणसं लांबनं बघायला यायची. २०१६ ला लातूरला पाण्याची गाडी मिरजेतनं गेली तेव्हा सगळ्या पेपरात फोटो आले. आपलं विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधलं, पॅसेंजर थांबते, महालक्ष्मी आणि कोयना एक्सप्रेस धडधडत निघून जातात. त्याचा फोटो कोण काढणार? पण सकाळच्या पॅसेंजरला डबे घेऊन चढणारी माणसं, कॉलेजची पोरं, मंडईला भाजी नेणाऱ्या बायका, ह्यांच्यासाठी हेच स्टेशन होतं.

आणि हे सगळं आत्ता आपल्या डोळ्यादेखत बदलतंय. लाईनवर विजेच्या तारा आल्या, डिझेल इंजिनाचा तो घुमणारा आवाज कमी झाला. पुणे-मिरज लाईनीचं दुहेरीकरण हाती घेतलं, २८० किलोमीटरचं काम. त्याच्यासाठी चिंतामणीनगरचा रेल्वेवरचा जुना पूल पाडला तेव्हा आठवतंय ना, पाडायच्या दिवशी सगळे मोबाईल घेऊन उभे होते, पाडतानाचे व्हिडिओ प्रत्येकाकडं आहेत. पण तो पूल साधा उभा असताना, मंगळवारी दुपारी चार वाजता त्याच्यावरनं रिक्षा आणि सायकली चाललेल्या, असा फोटो कुणाकडं आहे का? मी विचारून बघितलं दहा-बारा जणांना. नाही कुणाकडं. पडतानाचा फोटो काढायला सगळे येतात, उभ्याचा कुणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुहेरीकरणाला माझा विरोध नाही, उलट गाड्या वाढू देत, पॅसेंजर क्रॉसिंगला ताटकळत थांबायची बंद होऊ दे. पण बदल होतोय तर आधीचं टिपून ठेवायला काय हरकत आहे. सांगलीत स्टेशन चौक आहे, सभा तिथं होतात, आणि बाहेरगावचा माणूस रिक्षात बसून स्टेशन चौक म्हणाला की उतरल्यावर विचारतो, स्टेशन कुठाय? जुनं स्टेशन तिथं होतं, ब्रॉडगेज झाल्यावर हललं, नाव तेवढं राहिलं. आपल्या पोरांना पण उद्या नावंच राहतील.

आता अल्बम कसे हाताळायचे ते सांगते, कारण २०१९ च्या पुरानंतर माझ्या दुकानात जे आलं ते मी विसरू शकत नाही. आपण उंचावर म्हणून वाचलो, पण गावभागातले, खणभागातले नातेवाईक आपल्याचकडं येऊन राहिले होते. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर लोक चिखलातले अल्बम पिशवीत घालून आणायचे, ताई बघा काही होतं का. एका काकूंनी सगळे फोटो गच्चीवर उन्हात वाळवले होते, चांगल्या मनानंच, पण ते पापडासारखे वळले आणि एकमेकाला असे चिकटले की सोडवताना चेहऱ्यांचा रंग दुसऱ्या फोटोच्या पाठीवर गेला. त्यांनी तो फोटो हातात धरून मला विचारलं, हा आता कुणाचा फोटो म्हणायचा. मला उत्तर देता आलं नाही.

तर ओले फोटो उन्हात घालू नका. चिकटलेले असतील तर ओढू नका, स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, आपोआप सुटेपर्यंत थांबा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि मग सावलीत, चित्र वर करून, पांढऱ्या सुती कापडावर पसरा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई लागते. नदी २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला परत आली, म्हणजे ही माहिती प्रत्येक घरात पाहिजे, विश्रामबागेत नसेल लागत तर तुमच्या बहिणीच्या घरी लागेल.

चिकट पानांचे अल्बम असतात, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद असलेले, त्यातनं फोटो खेचून काढू नका, मागचा कागद फाटतो. अख्खा अल्बम घेऊन या, पानासकट स्कॅन होतो. मी कागदपत्रं ३०० डीपीआयला करते पण फोटो ६०० ला, तेव्हाच तो बोर्ड आणि त्याच्याखालची बारीक ओळ वाचता येते. फोटोच्या मागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढं उमटतो. आणि लिहाच. "रमाच्या लग्नात" एवढं नको, रमा कोण ते तुमच्या नातीला कळणार नाही. कुठल्या चौकात, कुठल्या दिशेला तोंड करून, साधारण कुठलं साल, मागं दिसतंय ते घर कुणाचं. साल आठवत नसेल तर धाकट्याला तेव्हा दात आले होते का, टीव्ही घेतला होता का, असं घरात बसून काढा. आमच्याकडं तर जेवायचं ताट बाजूला ठेवून दोन तास हाच वाद चालला होता आणि शेवटी सासूबाईंनी साडीवरनं साल काढलं.

आत्ताचे फोटो मोबाईलमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका हे तर मी हात जोडून सांगते. माझा स्वतःचा मोबाईल बिघडला तेव्हा एका दुकानात दिला, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला आणि पाच वर्षांचे फोटो गेले, त्यात सासूबाईंचे शेवटचे पण होते. व्हॉट्सअपवर पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो आणि तारीख-वेळेची माहिती पण त्याच्यातनं निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि वर्षातनं एकदा तरी पेनड्राइव्ह नाहीतर हार्डडिस्कवर उतरवून घ्या, दोन ठिकाणी. लॉकरमध्ये सोनं ठेवताना आपण एवढा विचार करतो.

कॉलेजच्या पोरांना वेगळं सांगायचंय. विलिंग्डन, वालचंद, कॉमर्सच्या पोरांनो, तुमच्याकडं जे कॅमेरे खिशात आहेत तसे आमच्या वेळी स्टुडिओत पण नव्हते. कट्ट्यावर बसता तिथनं एक फोटो सेल्फी न काढता समोरचा काढा. चहाची टपरी, तिच्यावरची दरपाटी, भडंगाच्या दुकानाचा बोर्ड, मार्केट यार्डला हळदीची पोती घेऊन निघालेला ट्रक, रिक्षा स्टॉप, तुमच्या पीजीचा जिना, रात्री साडेदहाला शटर खाली गेल्यावरचा शंभर फुटी. सण नको, मिरवणूक नको, साधा दिवस. दरपाटीवरचा चहाचा दर दहा वर्षांनी बघाल तेव्हा कळेल मी काय म्हणते ते. स्टेशनवर जाताना मात्र तिकीट काढून जा, जे काय काढायचं ते फलाटावरनं, पिवळ्या पट्ट्याच्या आत राहून. लाईनीत उतरू नका, तो गुन्हा आहे आणि वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, सेल्फी स्टिक तर अजिबात वर करू नका. कुणी हटकलं तर नीट बोला, सांगा कशासाठी काढताय. एका फोटोसाठी कुणाच्या आईला रडायला लागू नये.

आणि लोकांच्या घराचा फोटो म्हणजे खिडकीतनं आत डोकावणं नाही, रस्ता काढा, कुणी बाई दारात बसली असेल तर विचारून काढा, लहान पोरांचे चेहरे कुठं टाकू नका. इमारती, चौकातले पुतळे यांचे फोटो काढायला आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात मोकळीक आहे, त्याची भीती नको.

माझ्याकडनं जे होईल ते मी करणार. २०१० च्या आधीचा कुठलाही फोटो, ज्यात मागं आपल्या भागातला रस्ता, चौक, दुकान, घर नाहीतर स्टेशन दिसतंय, तो मी फुकट स्कॅन करून देईन, ओरिजनल तुमच्यासमोर लगेच परत, आणि स्कॅन तुमच्या पेनड्राइव्हवर. एक कॉपी मी ठेवू का ते तुम्ही सांगायचं, नाही म्हणालात तर नाही ठेवणार. दुपारी दोन ते चार या, तेव्हा गर्दी कमी असते. आत्तापर्यंत ४१ फोटो जमलेत. त्यात कुपवाड रोडचा एक आहे, बैलगाडीत फ्रीज ठेवलाय आणि चार पोरं मागनं धरून चाललीयत, बघण्यासारखा आहे. स्टेशनचे मात्र फक्त तीन. एवढ्या माणसांनी तिथनं गाडी पकडली आणि फोटो तीन, हे काही मला पटत नाही, तुमच्या कपाटात असणार.

शेवटी एक माझं स्वतःचं मागणं आहे. माझं माहेर कवठेमहांकाळ. लहानपणी आम्ही मिरजेला छोट्या गाडीनं यायचो, मिरज-पंढरपूरची नॅरोगेज, १९२७ पासूनची लाईन ती, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. आई खिडकीकडं बसवायची आणि माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून ठेवायची. आषाढीला टपावर पण माणसं असायची. त्या गाडीत मी किती वेळा बसले असेन याचा हिशेब नाही आणि २०१० च्या सुमारास तिथं ब्रॉडगेज झाली तेव्हा ती गेली. आमच्या घरातल्या कुणाकडंच तिचा फोटो नाही, ना गाडीचा ना त्या जुन्या स्टेशनचा. तुमच्यापैकी कुणी तिकडचं असेल, कुणाचे वडील त्या लाईनवर नोकरीला असतील, वारीला गेलेल्यांपैकी कुणाकडं असेल, तर दुकानात घेऊन या. स्कॅन करू द्यायचा नसेल तरी चालेल, मला नुसता बघायचाय.

गुरुवारी दुकान बंद असतं.

आपली,
शंभर फुटी रोडवरची झेरॉक्सवाली
विश्रामबाग, सांगली